हलीमाबीची चमकी

अकोटच्या नबीभाईंचा टायपिंग क्लास एकेकाळी नुसता खडखडत असे. पुढं कापसानं लागोपाठ दगा दिला, फी भरणारी पोरं पांगली आणि नबीभाईंना टाइपरायटरवर चित्रं काढायला रान मोकळं मिळालं. अक्षरांवर अक्षरं ठोकून त्यांनी चिखलदऱ्याचे डोंगर उभे केले, घाटातून एसटी पळवली. शेजारच्या माणिकबाईची बकरीसुद्धा दाढीसकट कागदावर उतरवली. तिथंच घात झाला.

"बकरीची दाढीबी काढली तुमी," त्यांची बायको हलीमाबी कडाडली, "अन मी काय या घरात राहून नाई राहिली?"

त्या दिवसापासून तिनं बोलणंच टाकलं. नबीभाई तिचं चित्र काढायला यंत्रापुढं बसले. वेलांट्यांचे कुरळे केस जमले, 'ठ'चे गोबरे गाल जमले. राहिली फक्त नाकातली चमकी. ती ठसठशीत यावी म्हणून त्यांनी पूर्णविरामाचं बटण असं हाणलं की कागदाला आरपार भोक पडलं!

ते लपवायच्या आत हलीमाबीनं कागद ओढला आणि खोड काढायला खिडकीशी उजेडात धरला. भोकातून ऊन आलं आणि चित्रातल्या नाकात चमकी लखकन चमकली.

तिनं कागद जवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"अजी, चमकी तं माहीच हाय," ती शेवटी म्हणाली. "पन बाकीची बाई कोन हाय?"

ती बोलली! नबीभाईंचा जीव भांड्यात पडला. त्या परक्या बाईला मग हलीमाबीनंच खळ लावून खिडकीच्या काचेवर चिकटवलं. अर्थात, चमकीतून ऊन येईल अशा जागी.