साडूची नाडी

माझ्या साडूची नाडी बसल्या जागी साठच्या आत असते आणि माझी नव्वदीला टेकलेली. हे लिहितानासुद्धा माझ्या पोटात दुखतं.

आम्ही दोघं हृदयाचे पेशंट. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, माझी थोरली, त्याची धाकटी. एकाच हिवाळ्यात दोघांची अँजिओप्लास्टी झाली, तीही उल्हासनगरच्या एकाच सिंधी डॉक्टरांकडे. मी अंबरनाथला राहतो, आनंदनगरच्या एका कारखान्यातून क्वालिटी कंट्रोलचा ऑफिसर म्हणून रिटायर झालो. तो बारवी धरणाच्या बाजूला भातशेती करतो. माझं पथ्य कडक. मीठ नावापुरतं, तळलेलं बंद, रोज सकाळी फिरणं. हा बाबा तळलेले बांगडे खातो आणि जेवण झालं की पडवीत आडवा होतो.

पहिल्या तपासणीला डॉक्टर मला म्हणाले होते, "साईं, ब्लॉकेज तो खोल दिया. आता पल्सवर लक्ष ठेवा. आराम से बैठे हो और दिल भाग रहा है, तो आगे जाऊन तकलीफ जास्त होते." आणखीही बरंच समजावलं, पण माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं. ज्याचं हृदय बसल्या जागी पळतं तो आधी जातो, असा मी त्याचा सरळ अर्थ लावला. मला जायचं नव्हतं. साडूच्या आधी तर नव्हतंच नव्हतं.

त्यात सासरच्या मंडळींनी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. कोरोनातलं बोटाला लावायचं मशीन दोन्ही घरांत पडून होतं. सकाळी उठल्यावर दोघांनी ते लावायचं आणि आकड्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा, असं ठरलं. हेतू चांगला होता. पण आमच्या लोकांना आकडा दिसला की त्यांना त्यात पहिला नंबर काढायचा असतो. साडूचा अठ्ठावन्न आला की टाळ्या आणि अंगठे. माझा अठ्ठ्याऐंशी आला की जोडलेले हात. एका मेव्हण्याने तर मला 'काळजी घ्या' लिहून खाली गुलाबाचं फूल टाकलं, मी गेल्यासारखं.

"ते बघा कसे निवांत असतात," बायको म्हणायची. "तुम्ही त्या मशीनकडेसुद्धा रागाने बघता."

तिला माहीत नव्हतं की मी आधी साडूचा फोटो बघायचो आणि मग स्वतःच्या बोटाला मशीन लावायचो. त्याचा आकडा बघितला की माझा चढायचा. हे मला कळत होतं. पण त्याचा न बघता माझा मोजणं काही मला जमलं नाही.

दिवाळीनंतर त्याचा आकडा आणखी उतरायला लागला. बावन्न, मग अठ्ठेचाळीस. ग्रुपवर नुसता जल्लोष. 'आमचे जिजाजी योगी झाले,' कुणीतरी लिहिलं. योगी! मी प्राणायामाचा क्लास लावला, चहा सोडला. त्याने फक्त माझी चिडचिड वाढली, नाडी होती तिथेच राहिली. एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा पायरी चढताना साडू एकदम खांब धरून खाली बसला.

"काय नाय ओ साडूभाऊ, जरा गरगरलं," म्हणाला आणि हसला.

"उन्हात होते ना सकाळपासून," मेव्हणी म्हणाली. सगळ्यांना ते पटलं. जेवताना पुन्हा त्याच्या नाडीचं कौतुक झालं आणि मी माझी अळणी भाजी चिवडत बसलो.

त्याच आठवड्यात माझी तपासणी होती. त्या सकाळी त्याचा आकडा आला बेचाळीस. डॉक्टरांसमोर बसलो आणि माझा बांध फुटला. फोन त्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "हे बघा. तुमचाच पेशंट. पथ्य नाही, चालणं नाही आणि हा आकडा. मी एवढं सगळं करतो, मग मला का नाही? त्याला देता ती गोळी मला द्या."

डॉक्टरांनी फोन जवळ ओढला. "ये कब का है?"

"आज सकाळचा."

"चक्कर येते त्याला?"

मी पायरीचं सांगितलं. ते खुर्चीतून उठलेच. "साईं, याला शांत म्हणत नाहीत. इतना नीचे नहीं चाहिए. फोन लगाव, अभी."

दुपारपर्यंत साडू त्यांच्याच दवाखान्यात मॉनिटरखाली होता. मेव्हणीने गोळ्यांचा स्टीलचा डबा आणला आणि डॉक्टरांनी तो खाटेवरच उपडा केला. ठोके कमी करणारी एक गोळी या डॉक्टरांनी दिली होती. मधल्या काळात ताप आला म्हणून साडू बदलापूर गावातल्या जुन्या डॉक्टरांकडे गेला, तिथे बीपी वाढलेलं निघालं आणि त्यांनीही एक गोळी सुरू केली. औषध तेच, कंपनी वेगळी, पाकिटाचा रंग वेगळा. चालू गोळ्यांचं साडूने तिथे सांगितलंच नव्हतं. दोन्ही डॉक्टर मोठे, कुणाचं मन मोडायचं, म्हणून तो दोन्ही गोळ्या श्रद्धेने घेत होता. आणखी थोडे दिवस गेले असते तर कुठेतरी शेतात एकटा असताना पडला असता, असं डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी नाडी वर आली. मेव्हणी माझ्या पाया पडायला वाकली. "भावजी, तुम्ही होता म्हणून," एवढंच तिला बोलता आलं. बायको माझ्याकडे अशी बघत होती की तिने लग्नानंतर इतक्या वर्षांत तसं कधी बघितलं नव्हतं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

दोघी चहाला खाली गेल्यावर साडूने माझा हात धरला. "सगळे नुसते अंगठे टाकायचे. माझा आकडा नीट बघितला तो तुम्हीच. रोज बघायचात ना?"

"रोज," मी म्हटलं. ते अगदी खरं होतं.

"एवढा जीव कोण लावतो ओ आजकाल," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. मग माझा हात तसाच धरून तो समाधानाने झोपी गेला, क्षणात, लहान मूल झोपतं तसा. मॉनिटरवर बासष्ट होते. शेजारी बसल्या बसल्या माझ्या कानात ठोके वाजत होते. समोरचा आपल्यावर प्रेमच करतो हे इतक्या सहज मानून त्याला झोपता येतं, याचा मला त्याच्या नाडीपेक्षाही जास्त हेवा वाटला.