ठिपका बारीक करताना

मला हुशारीचा माज होता. सावली तालुक्यातल्या आमच्या गावात मोटर, टीव्ही, इन्व्हर्टर, काहीही बिघडलं की लोक माझ्याकडे यायचे आणि मी त्यांना बावळट म्हणत म्हणत दुरुस्त करून द्यायचो. सगळ्यात जास्त बावळट म्हणायचो ते माझ्या मोठ्या भावाला. तो तलावावर मासे धरायचा आणि गावभरची जाळी सांधून द्यायचा. कुठे धागा तुटलाय ते त्याला लांबूनच दिसायचं.

भंगारातल्या एका प्रोजेक्टरमधून मी निळा लेझर डायोड काढला. लाकडावर अक्षरं जाळायची मशीन करायची होती. डायोडमधून उजेड फाकत बाहेर पडतो. त्याच्या पुढचं भिंग पितळी नळीत जरा जरा फिरवून तो सरळ करावा लागतो. हे काम कमी करंटवर करायचं असतं, हे मला माहीत होतं. तरी पूर्ण करंट दिला. घाई, दुसरं काय!

चष्मा एकच मागवला होता, नारिंगी. तो मी घातला. पण तो निळा उजेडच अडवतो, त्यामुळे समोरच्या भिंतीवरचा ठिपका मला धड दिसेना. मग भर दुपारी दारं-खिडक्या लावून भावाला भिंतीजवळ उभं केलं, उघड्या डोळ्यांनी.

"मोठा झाला का लहान झाला, एवढं सांगत राह्य. तेवढं तरी जमते ना तुले?"

तेवढ्यात भिंतीचं सारवण धुमसायला लागलं. मी ओरडलो, "अबे, भिंत जळून राह्यली! ताट धर समोर!" मोठ्या भावाला मी अबे म्हणायचो. त्याने मुकाट्याने राखेने घासलेलं स्टीलचं लखलखीत ताट धरलं. भिंतीची काळजी घेतली मी, पाहा; ताटावरून उजेड उलटून कुठे जाईल, याची नाही.

"मोठा आहे."

"आता?"

"लहान झाला."

"आता?"

"आता नाई दिसून राह्यला."

मी उडालोच! इतका बारीक की दिसतच नाही! तिथल्या तिथे गोंदाचा थेंब टाकून भिंग पक्कं केलं, बटन बंद केलं, मग चष्मा काढला. भाऊ ताट टाकून डोळे चोळत होता.

"जिकडे पाहो तिकडे मधात काळं काळं दिसते रे."

"नाटकं नको करू. पाणी मार."

चार दिवसांनी त्याला डॉक्टरकडे नेलं. कशाकडे पाहिलं होतं, असं डॉक्टरांनी विचारलं. भावाने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "वेल्डिंगकडे, साहेब." मशीन जप्त होईल याची भीती मला होती, डोळ्यांची नव्हती. थेंब घेऊन आम्ही घरी आलो.

काळं गेलं नाही. त्याने सांधलेली जाळी पहिल्याच दिवशी फाटायला लागली आणि लोकांनी ती आणणं बंद केलं. तो पडवीत नुसता बसून असायचा. मला त्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

एक दिवस त्याने शांतपणे विचारलं, "तवा डॉक्टरले खरं सांगतलं असतं, तर वाचले असते का रे डोळे?"

"नाई," मी ताडकन म्हणालो.

"मंग ठीक आहे," म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

कोणत्याही डॉक्टरला मी ते विचारलेलं नव्हतं. अजूनही विचारलेलं नाही.