आमचे उरलेले चार

फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये बारावीच्या प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत होते. पलीकडून एक बाई फार नम्रपणे म्हणाली, "मॅडम, तुमचे चार भ्रूण आमच्याकडे ठेवलेले आहेत. कायद्यानं दहा वर्षांची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. काय करायचं ते तुम्ही दोघांनी येऊन लिहून द्यायचं आहे."

मी म्हटलं, "तुमचा नंबर चुकलाय."

तिनं माझं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, आम्ही त्यांच्याकडे उपचार घेतले ते वर्ष सांगितलं. नंबर चुकला नव्हता. समोर एक वही उघडी होती आणि त्यातल्या बेडकाच्या भ्रूणाच्या आकृतीला मी नुकतेच पाचपैकी चार मार्क दिले होते. वही मिटली आणि कुणाला काही न सांगता बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिले.

आमची लेक टेस्ट ट्यूब बेबी आहे. घरातल्या सगळ्यांना ते माहीत आहे, आम्ही लपवलं नाही. आठ वर्षं वाट पाहून, दोनदा अपयश पचवून ती झाली होती. तेव्हा मी कशाकशावर सह्या केल्या, देव जाणे. मूल हवं होतं, कागद नको होते. त्या खेपेला सहा भ्रूण तयार झाले, दोन माझ्या पोटात सोडले, त्यातला एक रुजला, एवढं मला आठवत होतं. बाकीच्या चारांचं काय झालं, हा प्रश्न जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईला दहा वर्षांत एकदाही पडला नाही.

संध्याकाळी नवरा फाउंड्रीतून आला. चहा ठेवायच्या आधीच मी विचारलं. तो बूट काढता काढता थांबला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "दर वर्षी मेल यायचा. मी मुदत वाढवत होतो."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"पहिल्या वर्षी तू बाळंतपणातून उठतच होतीस. मग सांगायचं राहून गेलं. मग इतकी वर्षं सांगितलं नाही, आता कसं सांगायचं, असं झालं." त्यानं एक बूट हातातच धरला होता. "काढून टाका असं लिहायला हात होत नव्हता बघ."

मला त्याचा राग यायला हवा होता. पण आला तो स्वतःचा. दर वर्षी मूलपेशींचा धडा आला की मी वर्गाचे दोन गट करून वाद घालायला लावते. भ्रूणातल्या पेशी संशोधनासाठी काढाव्यात की नाही? फळ्यावर मधोमध रेघ मारून एका बाजूला 'होय', दुसरीकडे 'नाही'. पोरं हिरिरीनं भांडतात. शेवटी मी शांतपणे सांगते, की पाच दिवसांचा भ्रूण म्हणजे शंभरेक पेशींचा पोकळ गोळा, त्याला मेंदू नाही, वेदना नाही. ज्यानं लाखो रुग्ण बरे होऊ शकतील तिथं एवढं भावनिक व्हायचं कारण नाही. तास संपतो. इतकी वर्षं मी हे बोलत होते, आणि तोवर माझे चार तिथं होते.

दोन दिवसांनी आम्ही सेंटरला गेलो. तिथल्या लॅबच्या डॉक्टर तरुण होत्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी समोर फॉर्म ठेवला. माझं गर्भाशय दोन वर्षांपूर्वीच काढलं होतं, त्यामुळे पुन्हा मूल हा प्रश्न मिटलेला होता. राहिले दोन पर्याय. नष्ट होऊ देणे, किंवा संशोधनासाठी देणे.

"मला बघता येतील?" मी विचारलं.

त्यांनी काचेतून आत दाखवलं. ॲल्युमिनियमचे बुटके कॅन, गळ्याशी अरुंद. माहेरी कुरुंदवाडला म्हशी भरवायला, कृत्रिम रेतन करायला, येणारे गुरांचे डॉक्टर मोटारसायकलला जो कॅन बांधून आणायचे, तो मोठा करावा अगदी तसे. मी हसले असावे, कारण नवऱ्यानं माझ्याकडे चमकून पाहिलं. मग डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर फोटो उघडले. सहा गोल. राखाडी, साबणाच्या फेसासारखे.

"हे दोन आपण सोडले होते," त्या बोट ठेवत म्हणाल्या. "यातलीच एक तुमची मुलगी. हे चार राहिले."

"हेच दोन का?"

"जरा बरे दिसत होते म्हणून. खरं सांगायचं तर फार फरक नव्हता. मी तेव्हा इथं नव्हते, पण कदाचित मी असते तर हा तिसरा घेतला असता."

मी खुर्चीचा हात धरला. लेक त्या वेळी शाळेत होती, डब्यात तिच्या आवडीची शेंगदाण्याची चटणी होती. तिसरा घेतला असता तर ती त्या कॅनमध्ये असती आणि आज मी तिच्यावर फॉर्म भरत असते. मला वर्गातलं माझं सगळं बोलणं आठवलं आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हेच जास्त भयंकर वाटलं.

फॉर्म घेऊन घरी आलो आणि आमचं वाजलं. नवऱ्याचं म्हणणं, आपोआप जाऊ देत, आपण हात लावायला नको. मी म्हणत होते, संशोधनाला देऊ. त्यालाही कारण होतं. माझा धाकटा भाऊ चार वर्षं अंथरुणावर आहे. उसाची ट्रॉली रस्त्यात बंद पडून उभी होती, मागं ना लाल दिवा ना काही. संध्याकाळी त्याची मोटारसायकल तिच्यावर जाऊन आदळली. कमरेखाली त्याला काही कळत नाही. मूलपेशींचा धडा शिकवताना माझ्या डोळ्यांसमोर तो नसतो असं होत नाही.

रविवारी मी एकटीच कुरुंदवाडला गेले. माझी आई, अव्वा, बस्तीतून, आमच्या जैन मंदिरातून, नुकती परतली होती. ती पाणी गाळल्याशिवाय पीत नाही, दिवस मावळल्यावर घास घेत नाही, कांदा-बटाटा तिच्या चुलीला माहीत नाही. वाटेवरची मुंगी दिसली तरी ती पाय उचलून पुढं टाकते. तिला सांगावं की नाही, हे मी एसटीत बसून ठरवलं नव्हतं. पण भावाच्या खाटेशी बसले आणि सगळं बाहेर पडलं. भाऊ ऐकत होता. अव्वा दाराला टेकून उभी होती.

"नष्ट करायचं म्हंजे काय करत्यात?" तिनं विचारलं.

"काही करत नाहीत. थंडीतनं बाहेर काढून ठेवतात. आपोआप संपतात."

"आपोआप?" ती म्हणाली. "म्हंजे आपण मारलं न्हाय म्हणायचं. व्हय?"

मी भावाच्या अंगावरची चादर सारखी केली.

"आणि दुसऱ्यात?"

"आतल्या पेशी काढून घेतात, वाढवतात. त्यावर औषधांचा शोध करतात. पण त्यातही तो राहत नाही, अव्वा."

ती खाली बसली. पदराचा काठ बोटावर गुंडाळत राहिली. मला वाटलं, आता ती म्हणेल, जीव तो जीव, एकेंद्रिय असला तरी जीव. मी उत्तरं जुळवून ठेवली होती.

"ह्याचे पाय येत असतील त्यानं," ती भावाकडं बघून म्हणाली, "तर आजच दे. मी तुझ्यासंगं येतो. कसाय कॅन ते बघतो, आणि माझ्या हातानं काढून देतो. पाप लागू दे मला. सात जन्म लागू दे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. अव्वानं स्वतःच तोंडावर हात ठेवला होता. तिचे डोळे मोठे झाले होते, दुसऱ्याच कुणी बाईनं तिच्या घरात शिरून काही बोलावं तसे.

"अव्वा," भाऊ खाटेवरून म्हणाला, "मला इचारलंस का?"

"तुला काय इचारायचं? तू माझा हायेस."

"ते बी अक्काचंच हायेत की." तो माझ्याकडे वळला. "अक्का, खरं सांग. त्यानं मी चालणार हाय का?"

मी लॅबच्या डॉक्टरांना हेच विचारलं होतं. त्यांनी फसवलं नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, तुमच्या भावाला याचा उपयोग होईल असं मी म्हणणार नाही, कुणाला होईल हेही आज सांगता येणार नाही.

"नाही," मी म्हटलं. "बहुतेक नाही."

"मग माझं नाव त्यात घालू नको. द्यायचं असंल तर दे, पण माझ्यासाठी दिलं असं कुणाला सांगू नको. मला ते चौघं डोक्यावर घेऊन पडायचं न्हाय हितं."

अव्वा उठून आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही उपास धरला, असं भावानं फोनवर सांगितलं. कशाचा, ते तिनं सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही.

परत येताना मला तिचं ते 'आपोआप' सोडत नव्हतं. घरी मी नवऱ्याला म्हटलं, "काही न करणं हेही आपणच करणार आहोत. दोन्हीकडं ते संपणारच. मग निदान कुणाच्या कामी येण्याची शक्यता असलेली बाजू घेऊ." तो चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी त्यानं डबा भरता भरता विचारलं, "पेन आहे का?" मी पेन दिलं. त्यानं आधी सही केली, मग मी केली. खाली बारीक अक्षरात एक वाक्य होतं : संशोधन संस्थेने न स्वीकारल्यास नष्ट होऊ देण्यास संमती आहे. दहा वर्षांपूर्वी वाचलं नसतं. या वेळी वाचलं आणि तरी सही केली.

महिन्याभरानं मेल आला. या वेळी मलाही. तीनच ओळी होत्या. संबंधित संस्थेकडे सध्या आवश्यकता नसल्याने भ्रूण स्वीकारले गेले नाहीत. संमतिपत्रानुसार पुढील कार्यवाही पूर्ण झाली आहे. सहकार्याबद्दल आभार.

आवश्यकता नसल्याने. मी ते चार-पाचदा वाचलं. एवढं भांडण, अव्वाचा उपास, भावाचं ते बोलणं, नवऱ्याचे चार अबोल दिवस, आणि कुणाला ते नकोच होते. कार्यवाहीची तारीख पाहिली तर मेलच्या आदल्या आठवड्यातली, एका मंगळवारची. त्या दिवशी काय केलं ते आठवून पाहिलं. घटक चाचणीची सुपरव्हिजन होती. एका मुलीला कॉपी करताना पकडलं होतं. बाकी काही नाही.

भावाला फोनवर सांगितलं. तो हळूच म्हणाला, "अव्वाला सांगू नकोस."

आम्ही सांगितलं नाही. यंदा मूलपेशींचा धडा आला तेव्हा मी फळ्यावर रेघ मारली नाही, नुसता धडा वाचून दाखवला. पोरांना कंटाळा आला.

अव्वा मात्र अधूनमधून विचारते. परवा ती भावाचे पाय चोळत होती, तेल लावून, बोट न् बोट, त्याला काही कळत नसताना. मान वर न करता म्हणाली, "अगं, तुझ्या त्या पोरांचं काय झालं? शोधाबिधाचं लागलं का काय?"

भावानं माझ्याकडं पाहिलं.

"अजून नाही, अव्वा," मी म्हटलं. "वेळ लागतो त्याला."

"लागू दे," ती म्हणाली, आणि दुसरा पाय मांडीवर घेतला.