सुतार, स्वयंपाकी, विधवा आणि आमचे मास्तर

मास्तरांबद्दल लिहायला मला सांगितलं, हीच पहिली चूक. मला त्यांच्याबद्दल फारसं माहीत नाही. आमच्या दुकानांच्या मध्ये एक फळकुटाची भिंत होती. तिकडे ते कपडे शिवत, इकडे मी पुस्तकं बांधत असे. भिंतीत बोटभर फट होती, तीतून त्यांच्या मशीनचा आवाज यायचा आणि माझ्या खळीचा वास जायचा. एवढ्याला ओळख म्हणत असतील तर ओळख होती.

पण विद्यापीठातल्या बाईंनी फारच आग्रह केला. त्या आता तिथे शिकवतात. स्थलांतर करणाऱ्या माणसांवर त्या एक पुस्तक काढताहेत, आणि मास्तर गेल्यावर त्यांच्याविषयी दोन पानं हवीत म्हणाल्या. "तुम्ही शेजारी होता ना?" मी म्हटलं, शेजारी होतो, पण माझी पाठ असायची त्यांच्याकडे. त्या हसल्या आणि कागद ठेवून गेल्या. मला नाही म्हणता येत नाही. म्हणून लिहितो. जिथे चुकेल तिथे त्यांनीच दुरुस्त करावं.

आमची गल्ली विद्यापीठाच्या मागच्या फाटकाला लागून. त्यामुळे प्रबंध बांधायचं काम माझ्याकडे यायचं. पोरं-पोरी कागदांचे गठ्ठे घेऊन धापा टाकत यायची आणि सगळ्यांना सगळं आजच हवं असायचं. मी म्हणायचो, खळ वाळायला वेळ लागतो, तिला तुमची तारीख माहीत नाही. मग ती थांबायची. माझ्या दुकानात उभं राहायला जागा नव्हती. मास्तरांच्या दारात मात्र एक लाकडी खुर्ची कायम मांडलेली असे. रस्त्यानं जाणारा कुणीही थबकला की आतून हाक यायची, "बसा."

तर ही मंडळी बसायची. गप्पा व्हायच्या. मास्तर तरुणपणी फार लांबून आलेले, बोलण्यात वेगळाच हेल. आणि विद्यापीठात तर गावं सोडून आलेल्या माणसांवर अभ्यास करायची साथच आलेली. इतिहासवाले करत, भूगोलवाले करत, मानसशास्त्र, समाजशास्त्र, भाषा, सगळेच. जावयानं सासऱ्याच्या घरात पाऊल टाकावं आणि पुढ्यात ताट यावं, तसं त्यांचं झालं. प्रबंध बांधायला यावं आणि पुढच्या प्रबंधाचा माणूस आयता खुर्चीमागे बसलेला मिळावा.

एकेक करून पाच जण वेगवेगळ्या वर्षी येऊन त्यांची मुलाखत घेऊन गेले. जाताना प्रत्येक जण एकच सांगायचा, "तुमचं नाव कुठेही येणार नाही. ही गोष्ट आपल्या दोघांतच राहील."

मास्तरांनी मान हलवली. इथेच सगळा घोळ झाला. विद्यापीठाच्या लेखी तो शब्द विद्यापीठानं मास्तरांना दिलेला होता. मास्तरांना वाटलं, तो आपणही दिला. दोघांत म्हणजे दोघांत. त्यामुळे पुढचा विचारायचा, "याआधी कुणी तुमची मुलाखत घेतली आहे का?" तेव्हा मास्तर टेप गळ्यात सरळ करत म्हणायचे, "छे हो. कोण घेणार आमची!"

हे सगळं मला नंतर कळलं. मी पाचही प्रबंध बांधले. पानांचे आकडे ओळीनं आहेत ना एवढं पाहिलं, कापड ताणलं, सोनेरी अक्षरं ठोकली. आत काय आहे ते बघायचं बांधणाऱ्याचं काम नाही, अशी माझी समजूत होती.

मग या बाई आल्या. तेव्हा बाई नव्हत्या, पोरगीच होती. केस विस्कटलेले, खांद्याला भली मोठी पिशवी. मास्तर तिला "मुली" म्हणायचे, ती त्यांना "काका". कापडाचा रंग विचारायला माझ्याकडे आली आणि नेहमीप्रमाणे त्या खुर्चीवर जाऊन बसली. तिचं रडगाणं फटीतून मला ऐकू येत होतं. मुदत दोनदा वाढवून घेतली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. या खेपेला प्रबंध दिला नाही तर नाव रद्द. घरून आईचा रोज फोन, पुरे झालं, परत ये.

"मग अडलंय कुठे?" मास्तर म्हणाले.

"अडलं नाही काका, फारच छान जमलंय! वेगवेगळ्या विषयांत, वेगवेगळ्या वर्षी पाच जणांनी अभ्यास केले. पाच वेगळी माणसं. आणि पाचही जण एकच गोष्ट सांगतात. याआधी कुणाच्या लक्षातच आलं नाही! आता तुमच्यासारखा सहावा मिळाला की झालं."

"सांग तरी."

"पहिला एक सुतार. गाव सोडून आला, गोधडीत गुंडाळलेली हत्यारांची पेटी खांद्यावर. चुकून एक थांबा आधीच उतरला आणि चालत शहरात आला."

मशीन चालू होती.

"दुसरा एक स्वयंपाकी. त्याच्या गोधडीत मोठं पातेलं. तोही चुकीच्या थांब्यावर उतरला! तिसऱ्याला नावगाव काहीच नाही, नुसता 'क्ष' आहे. त्याच्याजवळ एक जड वस्तू. पाचवा बोटीवरचा खलाशी."

"आणि चौथा?"

"चौथी. विधवा बाई आहे. शिवणकाम करते."

मशीन थांबली. पाठोपाठ "स्स" असा आवाज आला. सुई टोचली असणार.

"आणि पाचही जणांना," पोरगी सांगत होती, "दमून एका घरापाशी थांबल्यावर एका अनोळखी बाईनं खुर्ची आणून दिली आणि 'बसा' म्हणाली. काका, माझा सगळा प्रबंध त्या खुर्चीवर उभा आहे. परक्या गावी माणूस कधी आपला होतो? काम मिळाल्यावर नाही, घर घेतल्यावर नाही. पहिल्यांदा कुणीतरी बस म्हणतं तेव्हा. पाच जणांचा पुरावा आहे!"

आज काम फार आहे, मास्तर म्हणाले, आणि तिला पुढच्या आठवड्यात बोलावलं. ती गेल्यावर ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. सहसा यायचे नाहीत.

"बायंडर, मी बाई दिसतो का हो?"

अशा प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? त्यांच्या मिशा चांगल्या झुपकेदार होत्या. मी म्हटलं, "नाही."

"मग ठीक," म्हणाले आणि परत गेले.

दोन दिवस मशीन अडखळत चालत होती. तिसऱ्या दिवशी पुन्हा दारात. "एक विचारू? आपण कुणाला शब्द दिला असेल, आणि तो पाळला म्हणून एखाद्या भलत्याच माणसाचं वाटोळं होणार असेल, तर काय करायचं?"

मला असलं काही विचारलं की घाम फुटतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, "ज्याला दिला असेल त्याच्याकडून तो परत मागून घ्यावा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काही भलतंच बोलून बसलो असं मला वाटलं. मग कळलं, त्यांना ते पटलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान बंद ठेवलं, ठेवणीतला कोट घातला आणि मागच्या फाटकातून विद्यापीठात गेले. दिलेला शब्द सोडवून आणायला.

त्या फेरीची हकिगत त्यांनी पुढे मला बरेचदा सांगितली, दर वेळी थोडी वाढवून. इतिहासाचे सर निवृत्त होऊन घरी झाडांना पाणी घालत होते. त्यांनी लांबूनच ओळखलं आणि ओरडले, "अरे, सुतार! या, या!" मास्तर म्हणाले, "सर, मी टेलर." सर म्हणाले, "हो की. मीच बदललं होतं, नाही का?"

मानसशास्त्राच्या बाई मोठ्या पदाला पोचल्या होत्या. त्या लाजल्या. "तुम्हाला कुणी ओळखू नये म्हणून केलं हो."

"नाही, काम चोख आहे," मास्तर म्हणाले. "उसवून परत शिवल्याचं कुठे कळत नाही. बायको असती तर तिनंही ओळखलं नसतं. आणि धंदा तेवढा तुम्हीच बरोबर ठेवलात."

भूगोलाच्या सरांना मास्तर अजिबात आठवेनात. पण मास्तरांनी काढून दिलेला नकाशा त्यांच्या खोलीत भिंतीवर लावलेला होता. त्यात मास्तरांचं गाव परातीएवढं आणि हे सबंध शहर नखाएवढं. मास्तर त्या नकाशापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "आता काढला तर असा नाही यायचा." सरांनी लगेच कागद पुढे केला. मास्तर म्हणाले, "आज घाई आहे."

भाषेचे प्राध्यापक परदेशी गेलेले. त्यांना माझ्या दुकानातून फोन लावला. त्यांनी शब्द मोकळा केला, पण त्याआधी मास्तरांना बराच वेळ बोलत ठेवलं, आणि मग हळहळून म्हणाले, "अहो, तुमचा हेल गेला की!" फोन ठेवल्यावर मास्तर माझ्याकडे बघत राहिले. "गेला का हो? तुम्ही रोज ऐकता."

रोज ऐकणाऱ्याला काय कळणार? दुपारभर ते स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते.

राहिले समाजशास्त्राचे सर. स्वयंपाकी त्यांचा. आणि पोरगीचे मार्गदर्शकही तेच! आपला स्वयंपाकी कोण हे त्यांना माहीत होतं, पण बाकीचे चौघेही तोच, हे ऐकून ते खुर्चीत मागे टेकले. त्यांनी चहा मागवला. तो गार झाला. त्यांच्या स्वतःच्या एका गाजलेल्या लेखातही सुताराचा पुरावा घेतलेला होता.

"हे कुणाला सांगितलंत?"

"अजून नाही. तुमचीच परवानगी राहिलीय."

सर म्हणाले, "सांगा. नाहीतर हे तिला परीक्षक सांगतील. मीही येतो."

मग त्या खुर्चीपाशी आम्ही तिघं उभे आणि पोरगी बसलेली. मला जायचं होतं, पण मास्तरांनी माझी बाही धरून ठेवली होती.

"मुली, ते पाच जण आहेत ना तुझे," मास्तर म्हणाले, "ते मी आहे."

"कुठला?"

"पाचही."

"म्हणजे?"

"बाईसुद्धा."

ती आधी सरांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मी उगाचच मान हलवली. ती उठली आणि चालू लागली. पिशवी तिथेच राहिली.

ते दोन दिवस मास्तरांचे फार वाईट गेले. एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला त्यांनी बाही उलटी जोडली. पिशवी मशीनशेजारी स्टुलावर ठेवली होती, तिच्यावर टेलरखडूचा कणही पडू देत नव्हते. "ती गावी निघून गेली असेल," म्हणायचे. "माझ्या तोंडाला कुलूप होतं, ते तिच्या नशिबाला लागलं."

ती आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "पिशवी न्यायला आलेय." मास्तर म्हणाले, "बस." ती बसायला तयार नव्हती. मास्तरांनी पिशवी दिली नाही. शेवटी बसली.

"काका, पाचांतले खरे तुम्ही कोण?"

"मला काय माहीत? मी वाचलेत कुठे? जे विचारलं ते सांगितलं. भूगोलाच्या सरांनी रस्ता विचारला, रस्ता सांगितला. बाईंनी रडलात का विचारलं, मग रडलो ते सांगितलं."

"रडला होता?"

"रडलो की. पण सुतार नाही रडला. सुताराला कुणी विचारलंच नाही."

पोरगीला जे हसू फुटलं ते आवरेना. हसता हसता तिनं पिशवीतून पाचही प्रबंधांचे उतारे काढले आणि मांडीवर पसरले. फटीतून मला कागदांची फडफड ऐकू येत होती, आणि मास्तरांची मशीन हळूहळू सुरू झाली.

त्यानंतर ती रोज यायची. सरांनी स्वतः जाऊन तिची मुदत वाढवून आणली. त्यांचं स्वतःचंही त्यात अडकलेलं होतं, असं मास्तर म्हणायचे. प्रबंध नवा झाला. एकच माणूस, त्याला पाच विषयांनी कसं पाहिलं आणि प्रत्येकाच्या हातून काय निसटलं. शेवटी तिनं विचारलं, "काका, आता तरी तुमचं नाव घालू?"

मास्तर म्हणाले, "नाव राहू दे. फक्त टेलर लिही. इतक्या वेळा धंदा बदलला माझा, एकदा तरी शिवणकाम माझ्या वाट्याला येऊ दे."

तो प्रबंधही मीच बांधला. निळं कापड. ती पास झाली आणि पुढे तिथेच नोकरीला लागली. हे तर तिलाच जास्त माहीत.

मास्तर गेल्यावर तिनं मला त्या प्रबंधाची एक प्रत दिली. मीच बांधलेली, पण तेव्हा पहिल्यांदा आतून उघडली. अवघड भाग सोडून दिला, गोष्टीचा भाग वाचला. चुकीच्या थांब्यापासून खांद्यावर मशीनचं डोकं घेऊन चालत आलेला पोरगेला टेलर, आणि त्याला खुर्ची देणारी बाई. त्यानं त्या बाईचा फाटका पडदा तिथेच बसून शिवून दिला. पुढे स्वतःचं दुकान झालं तेव्हा मशीन मांडायच्याही आधी त्यानं एक खुर्ची विकत आणली आणि दारात मांडली.

मला वाटायचं, ती गिऱ्हाइकांसाठी आहे.

त्यांच्याशी माझं शेवटचं बोलणं झालं ते असंच, एका सकाळी. मी खळीचं भांडं घेऊन नळावरून येत होतो. ते दारात टेकून उन्हात उभे होते. खुर्ची रिकामी होती.

"बसा की, बायंडर."

"नको, खळ वाळेल."

"मग उद्या बसा."

"उद्या बसतो."