शेजारची जागा

आमचे मामंजी गाड्यांच्या सीट शिवायचे. तोंडात बारीक खिळे धरूनच बोलायचे, त्यामुळे निम्मं बोलणं नाकातून यायचं. लग्नानंतर कितीतरी दिवस मला वाटायचं, हे माझ्यावर रागावलेत. रागवायचं खातं खरं तर सासूबाईंकडे होतं.

त्यांची गाडी जवळजवळ त्यांच्याच वयाची. पुढे सोफ्यासारखी एकच लांब सीट, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, त्यामुळे मधे काही आड येत नसे. सासूबाई खिडकी सोडून मामंजींना चिकटून बसायच्या, तेही त्या वयात! त्यांच्या जागेखाली मामंजींनी मुद्दाम नरम स्प्रिंगा घातल्या होत्या. "तिची कंबर दुखते," म्हणायचे. त्या बसल्या की स्प्रिंग कुरकुरायची. "बघा, माझ्याआधी हीच बोलते," असं सासूबाईच म्हणायच्या.

सासूबाई गेल्या आणि मामंजी रोज संध्याकाळी शेडमध्ये जाऊन गाडीत बसू लागले. एकदा मी चहा घेऊन गेले. ते स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते. शेजारच्या जागेला खळगा पडलेला. मी कप पुढे केला आणि स्प्रिंग कुरकुरली. मामंजी तर जराही हलले नव्हते. मी कप घेऊन दोन पावलं मागे सरले.

"घाबरू नकोस सूनबाई," ते म्हणाले, "जरा सरकून बसली."

आमच्या ह्यांना सांगितलं, तर म्हणे जुन्या स्प्रिंगा आहेत, आवाज करणारच. ह्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार. मग ह्यांनी छोटी गाडी घेतली. बटण दाबलं की सुरू, आत गारेगार, कुठल्याही फटीत उभी राहते. जुनीची रोज सकाळी मनधरणी करावी लागायची आणि तिचं दार लावलं की सगळ्या गल्लीला कळायचं. खोटं कशाला बोलू, मला नवीच आवडली. शेडमध्ये दोन मावेनात, म्हणून जुनी विकायचं ठरलं.

मामंजींनी नवीत डोकावून पाहिलं. दोन सुट्या सीट, मधे हँडब्रेक.

"अरे, जुनी गेली तर ती बसेल कुठे?" त्यांनी मुलाला विचारलं.

ह्यांनी फोन काढला आणि जुनीचं गिऱ्हाईक पक्कं केलं.

गाडी न्यायला माणूस यायच्या आदल्या दिवशी मामंजींनी हत्यारं काढली. सासूबाईंच्या जागेच्या स्प्रिंगा सोडवल्या, नव्या गाडीच्या शेजारच्या सीटमध्ये बसवल्या आणि कव्हर असं शिवलं की टाका दिसू नये. पण नवी सीट वजन ओळखते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. कुणी बसलं आणि बेल्ट लावला नाही, की ती गाडी बोंबलते.

दुसऱ्या दिवशी हे एकटेच निघाले आणि रिकाम्या सीटसाठी गाडी बोंबलत सुटली. गॅरेजवाल्याने सीट उघडली आणि म्हणाला, ह्या जुन्या स्प्रिंगांचा दाब गाडीला माणूस वाटतो. ह्यांनी त्या स्प्रिंगा तिथेच भंगारात टाकल्या आणि घरी येऊन वर बापालाच सुनावलं. मामंजी न जेवता झोपले. मला ह्यांचा असा संताप आला की विचारू नका.

त्यानंतर मामंजी घराबाहेरच पडेनात. शेवटी एका रविवारी मी त्यांना बळेबळे नव्या गाडीत चालवायला बसवलं. आम्ही दोघं मागे. त्यांच्या शेजारी कुणीच नाही. त्यांनी बटण दाबलं.

टिंग, टिंग, टिंग.

हे पुढे वाकले, रिकामी सीट चाचपून पाहिली. "काढल्यात ना स्प्रिंगा... काहीतरी बिघडलंय," हे म्हणाले आणि हात झटकन मागे घेतला. मी ह्यांचा हात घट्ट धरला.

मामंजींनी शांतपणे पलीकडचा बेल्ट ओढला, रिकाम्या जागेवरून आणला आणि खटकन अडकवला. आवाज थांबला.

"इथे मऊ नाहीये गं," ते शेजारी बघून म्हणाले. "आजचा दिवस चालवून घे."

आणि प्रत्येक खड्डा चुकवत त्यांनी गाडी हळूहळू रस्त्याला लावली.