कोरड्या जिल्ह्यातले बीअरवाले

आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी. माझ्या जन्माच्या आधीपासूनची. त्यामुळे बाहेरच्या माणसाला वाटतं, या लोकांना बीअरमधलं काय कळणार! अहो, उलट आहे. जिथे चौकात बीअर मिळते तिथला माणूस पितो आणि विसरतो. आम्हाला हिंगणघाटहून गाडी काढावी लागते, वर्धा नदीचा पूल ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात शिरावं लागतं. जाताना पाऊण तास बोलणं, येताना पाऊण तास बोलणं. एका बाटलीमागे दीड तास गप्पा! किस्से साचणार नाहीत तर काय होईल?

माणसं चारच आहेत, आधी सांगून टाकतो. मी नितीन, एका जिनिंगमध्ये ग्रेडर. कापसाची गाडी आली की मूठभर कापूस घ्यायचा, अंगठ्यानं तंतू ओढायचा आणि माल कसा आहे ते सांगायचं, हे माझं काम. वासुदेवराव आमचे फिटर, वयानं सगळ्यांत मोठे. पंकज हा पुण्याला शिकून आलेला इंजिनिअर, सगळ्यांत लहान. आणि मेश्राम साहेब, इलेक्ट्रिक सुपरवायझर. साहेब बौद्ध आहेत, पंचशील कडक पाळतात, थेंबाला शिवत नाहीत. म्हणून गाडीही त्यांची आणि स्टिअरिंगही त्यांच्याच हातात. महिन्यातला एक रविवार, दुपारची वेळ, पुलापलीकडचा गजूभाऊचा बार. इतकंच आमचं मंडळ.

*

माझी पहिली बीअर मात्र नागपूरची. बी.एस्सी.ला होतो. चुलतभाऊ बबलूदादा हॉस्टेलला राहायचा, त्याच्या खोलीवर गेलो होतो. त्यानं स्टीलच्या पेल्यात ओतून दिली. माझ्या डोक्यात काय, तर सोनेरी रंग, वर फेस, म्हणजे उसाच्या रसाची मोठी बहीण असेल!

एक घोट घेतला आणि खिडकीतून बाहेर थुंकलो.

"दादा, हे नासलं हाये!"

सगळी खोली गादीवर लोळून हसायला लागली. एकटा बबलूदादा शांत होता. माझ्या हातातला पेला काढून घेत म्हणाला, "नासलं नाई बे, असंच असते. तू नासशील ना, तवा आवडन!"

दोन वर्षांनी आवडायला लागली. दादाला अजून सांगितलेलं नाही.

*

वासुदेवरावांची आवड एकदम वेगळी. बीअर स्ट्राँग पाहिजे, आणि कोमट पाहिजे! मे महिन्यात हिंगणघाटला डांबर चपलेला चिकटतं, आम्ही बाटली गालाला लावून बसतो, आणि हा माणूस म्हणतो, "थंडी नोको आनू रे, दात सनकते."

गजूभाऊंनी त्यांच्यासाठी खास सोय केलेली होती. दोन हिरव्या बाटल्या कायम खिडकीच्या कट्ट्यावर बाजूला ठेवलेल्या असत. वासुदेवराव पहिला घोट घ्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "असा वास दुसऱ्या कोन्या बीअरले नाई!"

एकदा त्यांनी बाटली उघडली आणि समोर ताक पीत बसलेल्या मेश्राम साहेबांनी नाक उचललं. साहेबांच्या नाकाबद्दल जिनिंगमध्ये कोणी वाद घालत नाही. मोटार तापली की धूर दिसायच्या आधी त्यांना वास येतो. कापसाच्या ढिगाजवळ काम करणाऱ्या माणसाचं असं नाक म्हणजे फायर ब्रिगेडच!

"गजूभाऊ," साहेब म्हणाले, "ह्या बाटलीनं ऊन खाल्लं हाये. बिघडली हाये."

गजूभाऊ उठले, खिडकीशी गेले. पश्चिमेची खिडकी! रोज दुपारी तीन ते सहा ऊन थेट त्या कट्ट्यावर. इतकी वर्षं वासुदेवराव बिघडलेली बीअर आवडीनं पीत होते!

गजूभाऊ शरमले. आतून ताजी, चांगली बाटली आणून दिली. मग कुतूहलानं साहेबांना विचारलं, "साहेब, तुमी कोनती पेता?"

"मी? मी पीत नाई. पाचवं शील हाये."

"मंग वास कसा समजला?"

"पीत नाई म्हनून तं नाक शाबूत हाये!"

तिकडे वासुदेवरावांनी ताज्या बाटलीचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "कंपनीनं माल बिघडवला, बाप्पा! पयलेसारखी राह्यली नाई."

दुसऱ्या महिन्यापासून बाटल्या परत खिडकीत.

*

आता माझी फजिती. मी ग्रेडर, त्यामुळे पारखीचा थोडा माज असतो. एकदा गाडीत म्हणून गेलो, "मी डोळे मिटून सांगतो, कोनती बीअर कोनत्या कंपनीची ते."

मेश्राम साहेब बारमध्ये गेल्यावर गजूभाऊंशी कुजबुजले आणि थोड्या वेळानं माझ्यासमोर चार स्टीलचे ग्लास आले.

पंकजनं माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधला. मी पहिला घोट घेतला. "लाल लेबलवाली. माईल्ड." दुसरा. "ही स्ट्राँग. मागं थोडी कडू लागते." तिसऱ्याला जरा विचार केला. "ही बाहेरदेशची दिसते, हलकी हाये." चौथ्याला तर मी फॅक्टरी कोणत्या राज्यात आहे तेही सांगितलं!

रुमाल सोडला. टेबलावर रिकामी बाटली एकच.

कोणी हसेना. त्यांची सभ्यता मला जास्त लागली. शेवटी साहेबच म्हणाले, "नितीनभाऊ, बरं हाये, कापूस पिऊन पाहाचा नसते!"

*

पंकजचा साखरपुडा पुण्यात झाला. आम्ही तिघंही गेलो. दुसऱ्या दिवशी तो आम्हाला एका मोठ्या ठिकाणी घेऊन गेला. तिथे बीअर तिथल्या तिथेच बनवतात, काचेमागे तांब्याच्या मोठ्या टाक्या दिसतात. वासुदेवराव आधी टाक्यांकडेच गेले. वेल्डिंग पाहून म्हणाले, "काम साफ हाये."

मग ग्लास आले. पिवळट, धुरकट, कडेला संत्र्याची फोड खोचलेली. वासुदेवरावांनी ग्लास उजेडासमोर धरला.

"पंकज, हे गढूळ हाये. वेणा नदीले पूर आल्यावर असंच पानी येते. गाळून आनाले सांग."

वेटर पोरगा नम्र होता. म्हणाला, "सर, ही गव्हाची बीअर आहे. गाळत नाहीत, अशीच असते."

"गव्हाची? आमच्याकडं गव्हाच्या पोळ्या करते बावा."

पण प्यायले. संत्र्याची फोड आधी खाल्ली, सालीसकट. मग एक घोट, मग दुसरा. ग्लास संपला. त्यांनी वेटरला बोटानं जवळ बोलावलं. आम्हाला वाटलं, आता स्ट्राँग मागतील आणि तीही गरम!

"गव्हाची झाली," वासुदेवराव म्हणाले. "आता जवारीची आन."

पंकजनं कपाळाला हात लावला. वेटर मात्र हसला नाही. "विचारून येतो सर," म्हणून आत गेला आणि दोन मिनिटांत परत आला.

"सॉरी सर, ज्वारीची नाही. बाजरीची पुढच्या महिन्यात येतेय!"

*

चाळिशी उलटली आणि माझं पोट बोलायला लागलं. स्ट्राँग प्यायली की रात्रभर छातीत जळजळ. मी माईल्डवर आलो. मग माईल्डही अर्धीच जायला लागली. गजूभाऊ एवढंच म्हणाले, "पुढल्या साली मी ताकाचा माठ वाढवून ठेवतो!"

याच काळात मी नागपूरला एका मॉलमध्ये बिनअल्कोहोलची बीअर पाहिली. डबा तसाच, रंग तसाच, फेस तसाच, आणि आत अल्कोहोल शून्य. म्हटलं, हे बरं आहे, ही घरीही नेता येईल. सहा डबे घेतले.

निवडणुकीचे दिवस होते. जिल्ह्याच्या हद्दीवर तपासणी चालू. शिपायानं डिकी उघडली, डबे पाहिले आणि त्याचा चेहराच उजळला. "साहेब, इकडं या! बीअर भेटली!"

हवालदार आले. मी सांगितलं, "साहेब, यात काई नाई. शून्य लिहिलं हाये, वाचून पाहा."

त्यांनी चष्मा लावून सगळा डबा वाचला. मागून, पुढून, खालून. मग एक फोडायला सांगितला. वास घेतला. तळहातावर थोडी ओतून जिभेला लावली.

"कडू तं हाये."

"हो साहेब."

"अन् चढत नाई?"

"नाई साहेब."

"बायकोले आवडते?"

"नाई साहेब."

"मंग उपयोग काय?"

हवालदारांनी डबा माझ्या हातात परत दिला आणि शिपायाला म्हणाले, "सोड यायले. याचा पंचनामा केला तं आपलीच इज्जत जाईन!"

*

पंकजला मुलगी झाली. पेढे घेऊन आला आणि दोन महिन्यांनी एका रविवारी आमच्याबरोबर नदीपार आला. गजूभाऊंनी त्याच्यासाठी आठवड्यापूर्वी नागपूरहून कसलीशी महागडी बीअर मागवून ठेवली होती. ज्या पंकजनं आम्हाला गव्हाची पाजली, त्यानं लिंबूसोडा मागितला!

आम्हाला वाटलं, पोट बिघडलं असेल. तो म्हणाला, "नाही हो काका. मागच्या वेळी घरी गेलो, तिला उचललं, तर तिनं तोंडच फिरवलं. पुन्हा उचललं, पुन्हा फिरवलं. वास आवडत नाही तिला."

"दोन महिन्यांच्या पोरीले काय समजते!" वासुदेवराव म्हणाले.

"तेच ना काका. तिला कुणी शिकवलेलं नाही, म्हणून जास्त लागलं."

मेश्राम साहेबांनी आपला ताकाचा ग्लास पंकजच्या सोड्याला हळूच टेकवला.

"एक शील तं आलं," ते म्हणाले. "आता चारच राह्यले!"

*

वासुदेवराव रिटायर झाले तेव्हाची गोष्ट. जिनिंगमध्ये शाल, नारळ, भाषणं, सगळं झालं. त्यांच्या मिसेस, कमलकाकू, पहिल्या रांगेत बसल्या होत्या. शांत बाई. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"नितीन, एक काम करशीन? मले एक डाव नदीपार नेजो."

"काऊन काकू? काई काम होतं?"

"हे एकतीस वर्षं तिकडं बेअरिंग आनाले जात. मले ते बेअरिंगचं दुकान पाहाचं हाये."

माझ्या हातातला पेढा तसाच राहिला. वासुदेवरावांनी घरी काय सांगितलं होतं ते मला त्या क्षणी कळलं! मी त्यांना जाऊन सांगितलं. त्यांचा चेहरा शालीइतका पांढरा झाला. बराच वेळ शालीचा काठ चोळत बसले. मग म्हणाले, "चाल. आता किती दिवस लपवू."

रविवारी निघालो. मेश्राम साहेब गाडी चालवत होते, शेजारी काकू, नवं पातळ नेसून, पर्स मांडीवर घेऊन. मागे आम्ही तिघं. एरवी दीड तास तोंड बंद नसतं, त्या दिवशी कोणी खोकलंही नाही. पुलावर काकूंनी नदीला नमस्कार केला. एवढंच बोलल्या, "हिंगनघाटात एवढ्या जिनिंगा, अन् बेअरिंग इकडंच भेटते म्हना."

गजूभाऊच्या बारसमोर गाडी थांबली. पाटी मोठी, लाल अक्षरात. वासुदेवराव उतरले, दार उघडून उभे राहिले आणि जमिनीकडे पाहत म्हणाले, "कमल, हे दुकान."

काकूंनी पाटी वाचली. पदर सावरला आणि सरळ आत शिरल्या! आम्ही मागे.

गजूभाऊ सवयीनं म्हणाले, "या काका, नेहमीची आनू?" आणि मग काकूंना पाहून घाईघाईनं खुर्ची पुसायला लागले.

"आना," काकू म्हणाल्या. "नेहमीचीच आना."

बाटली आली. मीच ग्लासात ओतली. काकूंनी ग्लास उचलला, फेसाकडे पाहिलं आणि एक घोट घेतला. चांगला मोठा. डोळे घट्ट मिटले, गिळला, पदरानं ओठ पुसले.

मग नवऱ्याकडे पाहिलं.

"दर महिन्याच्या त्या रविवारी आंघोळ करून, भांग पाडून निघत. येत तं तोंडाले बडीसोपेचा वास, पेपरमिंटचा वास. बेअरिंग आनाले गेलेला मानूस पेपरमिंट खाऊन येते का? एकतीस वर्षं मी समजत होती, नदीपार तुमची बाई हाये."

वासुदेवरावांच्या तोंडून कसंबसं निघालं, "कमल... मंग तू कधी बोलली नाई?"

"काय बोलू? पोरं लहान होते. मंग मोठे झाले." काकूंनी ग्लास वासुदेवरावांकडे सरकवला. त्यातल्या कडू पाण्याकडे आणखी एकदा पाहिलं.

"बाई असती तं समजलं असतं, वो. हे काऊन?"