सगुणाआत्याचा मंगळवार

सगुणाआत्या कुणाच्याही 'कशी आहेस'ला उत्तर देण्याआधी घोडीच्या खुराला हात लावायची. पाहुणा अंगणात उभा आणि ही वाकून, खुरावर तळवा टेकवून गप्प. खूर गार लागला तर पाहुण्याला चहा. गरम लागला तर त्यानं आपला चहा आपणच करून घ्यायचा. "तुमचं तुम्ही सांगता तरी," ती म्हणायची, "हिचं मलाच बघावं लागतं."

आमच्या कुडपण गावात एकच घोडी होती, रतन. आत्याचे यजमान महाबळेश्वरला पर्यटकांना घोड्यावरून फिरवायचे. ते गेले आणि लगाम आत्याच्या हाती आला. डोक्यावर पदर, पायात नवऱ्याच्या चपला, अशी ती वरातीत घोडीपुढं चालायची. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. एकीनं विचारलं, घोडी आहे का सवत? "सवत असती तर कवाच हाकलली असती," आत्या म्हणाली.

रतनला खूर तापून दुखण्याचा आजार जडला, तो दोन वर्षं पुरला. महिनाभर बरी, की पुन्हा लंगडी. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की खुराच्या आतलं हाड खाली सरकतंय, हे आता बरं होणार नाही, सुई देऊन हिला कधी सोडवायचं ते तुम्ही ठरवा. गावानं मात्र आधीच ठरवून टाकलं होतं. देवाच्या पालखीपुढं चाललेली घोडी, तिला आपण कोण मारणार, पडेल तेव्हा पडेल. त्या शहाण्यांची मला आजही चीड येते. त्यांच्यातला एकही कधी तिच्यापुढं पाण्याची बादली ठेवायला आला नाही. आत्याचा हिशेब साधा होता. "आपल्या पायानं व्हाळावर पाण्याला जाते तवर ती तिच्यासाठी जगते. जायची थांबली, की मी तिला माझ्यासाठी जगवते."

त्या वैशाखात रतन सलग तीन सकाळी पाण्यावर गेली नाही. चौथ्या दिवशी आत्यानं मला बोलावलं. मी तिचा सख्खा भाचा, खालच्या आळीला राहणारा. फोनबिन सगळं माझ्याकडेच असायचं. तिचे डोळे कोरडे होते. डॉक्टरला सांग, म्हणाली, मंगळवारी या, मी तयार हाय.

आता जे लिहितो ते सहा वर्षं गिळून बसलो होतो.

त्या मंगळवारनंतरच्या रविवारी माझ्या धाकट्या मुलाचं लग्न होतं. आमच्याकडं थोरल्याला ज्या घोडीनं नेलं, तिनंच धाकट्याला न्यायचं. थोरला रतनवर बसून गेला होता. मुंबईची सगळी भावकी रजा काढून येणार होती. मी डॉक्टरांना फोन केला, पण सांगितलं असं की आत्याचा जीव होत नाही, अजून आठवडा द्या. आणि आत्याला सांगितलं की डॉक्टरांना सवड नाही, पुढच्या मंगळवारी येतील. दोघांनीही माझ्यावर विश्वास ठेवला. आत्या एवढंच म्हणाली, मग तेवढे दिवस खाली पेंढा जाड टाकू, तिला उभी करायची नाय.

शनिवारी कापडे गावी दिलेल्या आत्याच्या लेकीला कळा सुरू झाल्या. घोडी माझ्या हवाली करून आत्या गेली.

दुखणं दबायच्या पुड्या डॉक्टरांनी देऊन ठेवल्या होत्या. रविवारी दोन दिवसांच्या पुड्या मी एकदम गुळात कालवून रतनला चारल्या. तासाभरात ती चालायला लागली. तिच्यावर झूल घातली, मुलगा चढला. पोरांनी स्पीकर लावून चढावर तिला नाचवली आणि मी फेटा बांधून पुढं चाललो होतो. मनात काय आलं तेही सांगतो. बघा, म्हटलं, म्हातारी उगीच घाई करत होती.

दिवस मावळायच्या आत रतन अंगणात खाली बसली, ती उठलीच नाही. नुसती घामानं निथळत होती. डॉक्टर तालुक्याबाहेर होते. सोमवारी आत्या आली, तिनं झुलीच्या पट्ट्याचे वळ पाहिले आणि घोडीचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

मंगळवारी डॉक्टर आले. अर्धा गाव जमला होता. या अवस्थेत हिला चालवली कुणी, त्यांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "आत्याला विचारूनच."

आत्यानं मान वर केली. माझ्याकडं नाही, डॉक्टरकडं पाहिलं. "सुई द्या आधी," म्हणाली. "बाकी मागनं."

रतनला पुरून लोक पांगल्यावर ती माझ्याशी बोलली. "आठवडा पायजे होता तर तोंडावर मागायचा. मी नाय म्हणाली असती, येवढंच झालं असतं. कुणाचं लगीन मोडलं नसतं." मग म्हणाली, "मी कुणाला सांगायची नाय. तुझं तू सांग."

मी सांगितलं नाही. म्हातारीनं भाच्याच्या हौसेपायी लंगडी घोडी वरातीला दिली, असं गाव सहा वर्षं बोललं. पाणवठ्यावर बायका तिला ऐकू जाईल असं बोलायच्या. ती हंडा भरून घरी यायची. वाटेत माझं घर लागायचं. दर वेळी ती दारापाशी जरा थांबायची, मी आत बसून राहायचो. तिचा राग आरडाओरड्याचा नव्हता. असता तर मी सुटलो असतो.

गेल्या माघात आत्या गेली. बाराव्याच्या पंगतीत मी पानावरून उठलो आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांना केलेला फोन, गुळातल्या पुड्या, आत्याच्या नावावर खपवलेलं खोटं. क्षणभर भुरके थांबले. मग चुलते म्हणाले, "बस रे, भात निवतोय. जनावरच होतं." कुणीतरी मीठ मागितलं. पंगत पुन्हा सुरू झाली.

धाकटा मुलगा आमटी वाढत होता. ज्याला रतननं नेलं तोच. या सगळ्यातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. तो माझ्या पानापाशी आला, पळी हातात धरून थोडा वेळ माझ्याकडं बघत उभा राहिला आणि न वाढताच पुढं गेला.

अख्ख्या गावात राग आलेला तो एकच माणूस. मी कोरडा भात संपवला.